एकमताचा वेग कसा मोजावा?

अनेक संगणकांवर पसरलेल्या कारभारांत नायक कोण, कुलूप कोणाच्या हातीं, ताजी नोंद कोणती, हें ठरविणारी एक लहानशी समन्वय-सेवा असते. झूकीपर व ईटीसीडी या तशा प्रसिद्ध सेवा होत. तीन यंत्रांपैकीं निदान दोहोंनीं नोंद कायम साठ्यांत उतरविल्याशिवाय ती पक्की होत नाहीं. तेव्हां श्रोतेहो, येथें मोजावयाचा तो पंचमंडळाचा वेग. एकट्या पंचाची चपळाई नव्हे.

ईटीसीडीबरोबर ‘बेंचमार्क’ नांवाचें मोजमापाचें साधन मिळतें. जोडण्या किती, ग्राहक किती, किल्ली व मूल्य किती लांबीचें, हें त्यास आधीं सांगावें लागतें. आणि सारी मेख येथेंच आहे. कर्त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या एका चाचणींत किल्ली ८ बाइटांची व मूल्य २५६ बाइटांचें होतें. एकटा ग्राहक नायकाकडे लिहीत असतां सेकंदास ५८३ नोंदी झाल्या, प्रत्येकीस सरासरी १.६ मिलिसेकंद लागले. १०० जोडण्यांवरून १,००० ग्राहक सोडतांच नोंदी ४४,३४१ झाल्या, पण प्रत्येकीची वाट पाहणें २२ मिलिसेकंदांवर गेलें. यंत्रें मात्र तींच! गर्दींत अनेक नोंदी एकाच खेपेंत साठ्यांत जातात, हें त्याचें कारण. नुसता मोठा आंकडा मिरविणाऱ्या जाहिरातीवर माझा विश्वास बसत नाहीं तो यामुळें.

वाचनाचेंहि तसेंच. ‘कन्सिस्टन्सी’ या खुणेपुढें ‘एल’ लिहिल्यास उत्तरापूर्वीं बहुमताची खात्री केली जाते. ‘एस’ लिहिल्यास समोरचें यंत्र आपल्याच दप्तरांतून झटपट उत्तर देतें, मग तें शिळें कां असेना. आणि शिळ्या उत्तरावर विसंबल्यास एकच कुलूप दोघांनाहि आपलें वाटूं शकतें.