हँडब्रेकचे दोन जास्तीचे ‘टक टक’

ग्लेन वेव्हर्लीतल्या आमच्या घरासमोरचा ड्राइव्हवे उताराचा आहे. १९९९ सालची आमची छोटी जपानी गाडी तिथे उभी करताना हँडब्रेक पूर्वीपेक्षा दोन ‘टक’ जास्त ओढावा लागतो, हे पुण्याहून आलेल्या बाबांच्या लक्षात आलं. बजाज चेतकची दोन्ही चाकं वर्षानुवर्षं ड्रम ब्रेकवर थांबवलेला माणूस! म्हणाले, “लायनर बघून घे.” शनिवारी मागची चाकं खोलली.

आधी थोडं भौतिकशास्त्र. ड्रम हा चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. आत दोन अर्धगोल ‘शू’ असतात आणि व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो. काठी पुढे तिरकी धरून जमिनीवर ढकलत चाललो तर ती रुतते, मागे ओढत नेली तर नुसती घसरते. ड्रममध्येही एक शू असाच घर्षणानेच अधिक घट्ट रुतत जातो, दुसरा घसरतो. म्हणून कमी जोरात जास्त ब्रेक लागतो, आणि म्हणूनच सहसा रुतणाऱ्या शूचं लायनर आधी झिजतं.

दुर्गुणही त्याच रचनेत आहे. डबा बंद असल्याने उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ११०० किलोची गाडी ताशी ६० किमीवरून थांबवली की साधारण दीड लाख ज्यूल उष्णता तयार होते. अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळीला आणण्याइतकी! माउंट डँडेनॉंगवरून ५०० मीटर उंची उतरताना सुटणारी ऊर्जा अशा ३५ थांब्यांइतकी असते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरचं घर्षणही घटतं. खंडाळ्याच्या घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा म्हणतात, ते यासाठीच.

आता काम. जागा सपाट हवी, म्हणून ड्राइव्हवे बाद. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, गाडी जॅकने उचलून स्टँडवर, मग हँडब्रेक सैल. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हातही घालू नका. ड्रम अडकला तर अनेक गाड्यांत त्याला आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की तो सुटतो.

आतली काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नका. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती ३१ डिसेंबर २००३ पासून. त्याआधीच्या गाडीत काय बसवलंय, सांगता येत नाही. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करा.

मग तीन गोष्टी पाहायच्या. लायनरची जाडी: किमान मर्यादा बहुधा १ मिमी, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. ड्रमचा आतला व्यास: कमाल आकडा ड्रमवरच कोरलेला असतो, माझ्यावर २०१ मिमी होता. तिसरी, व्हील सिलिंडरचं रबरी टोपण हलकेच उचलून बघणे.

माझं उजवीकडचं टोपण आतून ओलं निघालं. लायनर अजून ३ मिमी होतं, पण ब्रेक ऑइल त्यात मुरलं होतं. असं लायनर धुऊन वापरू नये. एकाच बाजूचं बदललं तर दोन चाकं वेगवेगळ्या जोराने थांबतात, म्हणून दोन्हीकडचे शू नवे घेतले. एका वेळी एकच बाजू खोलली, म्हणजे स्प्रिंगा कशा लावायच्या हे दुसरीकडे बघता येतं.

सिलिंडर बदलणं आणि ब्रेकमधली हवा काढणं मात्र मी लायसन्सधारक मेकॅनिककडे सोपवलं. त्यासाठी गाडी टो करून नेली. हवेचा बुडबुडा दाबला जातो, द्रव नाही. पाइपात हवा राहिली तर पेडल नुसतं खाली जातं. ऑइलही नवं भरलं, कारण ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३०, पाणी मुरल्यावर १५५ अंश सेल्सिअस.

आता हँडब्रेक पूर्वीच्याच ‘टक’ला धरतो. बाबा मात्र अजूनही मोजतात.