चिनी मोटारी व आपली गरज

सोयाबीनचे पैसे हातीं आले कीं मोटारीची गोष्ट निघते. समृद्धि महामार्ग २०२२ सालीं आमच्या मालेगांव तालुक्यांतून सुरू झाल्यापासून ती विशेषच निघते. चिनी कंपन्यांच्या विजेच्या मोटारींपैकीं कोणती घ्यावी, असें अनेक बंधु आम्हांस विचारतात.

एम्. जी. हें १९२४ सालचें विलायती नांव पुढें चीनच्या सैक कंपनीकडे गेलें. येथील गाड्या गुजराथेंत हालोल येथें होतात. बी. वाय. डी. ही कंपनी शेन्झेनची.

एम्. जी. कॉमेटच्या बॅटरींत १७.३ युनिट वीज मावते व कंपनीनें सांगितलेला पल्ला २३० किलोमीटर आहे. मात्र बसणारे चौघेच. विंडसरचे हेच आंकडे ३८ व ३३२. बी. वाय. डी.च्या मोठ्या बॅटरीच्या अ‍ॅटो ३ चे ६०.४८ व ५२१, परंतु किंमत पुष्कळ अधिक. भार, वेग व थंड हवेचें यंत्र यांमुळें प्रत्यक्ष पल्ला घटतो.

आमच्या मतें वाशीमला रोज जाऊन येणाऱ्यास कॉमेट पुरे, कुटुंबास विंडसर बरी, आणि वारंवार नागपूर करणाऱ्यानेंच अ‍ॅटो ३ चा विचार करावा.

शेतपंपाच्या जोडणीवर मात्र गाडी चार्ज करूं नये. विद्युत् अधिनियम २००३, कलम १२६ अन्वयें तो अनधिकृत वापर ठरून दुप्पट दरानें आकारणी होते. घरच्या जोडणीचा मंजूर भार आधीं तपासावा. दुरुस्तीचें ठिकाण किती दूर, हें बयाणा देण्यापूर्वीं विचारावें. महिनाभर आपला प्रवास वहींत टिपावा. मग गाडी निवडावी.