पायऱ्या काळ्या दगडाच्या

सोलापूरच्या नव्या पेठेत पाइपलाइनसाठी रस्ता खणायला घेतला की पहिला अर्धा तास काम झरझर चालतं. डांबराचा थर निघतो, खालची खडी निघते, मग मुरूम. त्यानंतर पहार टणकन वाजते आणि मजूर थांबतात. काळा पाषाण लागलेला असतो. आता ब्रेकर आणल्याशिवाय गत्यंतर नाही. फुटलेला तुकडा हातात घेतला तर तो दिसतो त्यापेक्षा जड लागतो. ताज्या फुटलेल्या बाजूवर निळसर झाक असते आणि भिंगातून पाहिलं तर कुठे कुठे टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसतात. काही छिद्रं रिकामी असतात, काहींत पांढरं खनिज भरलेलं असतं. ती छिद्रं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे.

दख्खनच्या बेसाल्टची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर फुटला असं इथे झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर चढत गेले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश या खडकाखाली आहे. पुस्तकातला धडा मात्र इथेच संपतो. ज्या भट्टीतून हा लाव्हा आला तिचं पुढे काय झालं, हा खरा कुतूहलाचा प्रश्न तो विचारतच नाही. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांच्या मते ती भट्टी विझलेली नाही. ती जागच्या जागी राहिली, भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेला सरकत गेला आणि तिने वाटेत बेटं उभी केली. त्या बेटांपैकी एक मॉरिशस. सोलापूरपासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर असलेल्या त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

मॉरिशसचे ज्वालामुखी आज शांत आहेत. क्युरपिप शहरात त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे. तीनशे मीटरहून रुंद असलेल्या या विवराच्या उतारावर झाडी माजली आहे आणि काठावरून लोक सकाळी फिरायला जातात. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातलं ग्राँ बासँ हे विवरातलं तळं. त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला १८९७ मध्ये स्वप्नात या तळ्याचं गंगेशी नातं दिसलं आणि पुढच्या वर्षी महाशिवरात्रीला पहिली यात्रा निघाली, असं तिथे सांगतात. आज त्याचं नाव गंगा तलाव. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी वाढलेल्या सोलापूरकराला पाणी आणि महादेव यांची ही जोडी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मॉरिशसमधलं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं, म्हणजे कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. पण बेटाची खरी ओळख शिखरांच्या उंचीत नाही, त्यांच्या मांडणीत आहे. मधल्या पठाराभोवती तुटक डोंगरांचं कडं आहे. प्रत्येक डोंगराचा समुद्राकडचा उतार सौम्य आणि आतली बाजू कड्यासारखी तुटलेली.

ही मांडणी बायी नावाच्या फ्रेंच खनिजतज्ज्ञाने टिपली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोदँ यांच्या सागरी मोहिमेबरोबर तो तिथे आला होता. त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. त्याच्यानंतर तीसेक वर्षांनी त्याच बेटावर उतरलेल्या माणसाचं नाव मात्र जगाला ठाऊक आहे.

चार्ल्स डार्विन २९ एप्रिल १८३६ रोजी बीगल जहाजातून पोर्ट लुईला पोहोचला आणि ९ मेपर्यंत बेटावर राहिला. ल पूस, म्हणजे अंगठा, या डोंगरावर तो चढला. तिथल्या सरकारी मोजणी खात्याचे प्रमुख कॅप्टन लॉइड यांच्या घरी राहिला आणि रिव्हिएर न्वारच्या बाजूचे खडक पाहायला गेला. अर्धी वाट त्याने लॉइड यांच्या हत्तीवरून केली. एवढ्या मोठ्या जनावराच्या पावलांचा आवाजच होत नाही, याचं त्याला सर्वांत जास्त नवल वाटलं. ज्वालामुखी बेटांवरचं त्याचं पुस्तक १८४४ मध्ये निघालं. त्यात त्याने बायीच्या निरीक्षणाची दखल घेतली आणि डोंगरांच्या या कड्यात एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीच्या पायथ्याचे अवशेष पाहिले.

योगायोग असा की त्याच दशकात दख्खनचा काळा दगडही कागदावर उतरत होता. मुंबई सरकारचा कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून दख्खनची पाहणी करत फिरला होता. या प्रदेशाच्या भूरचनेवरचा त्याचा निबंध १८३३ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे वाचला गेला आणि १८३६ मध्ये छापून आला. सह्याद्रीचे आडवे थर, एकावर एक चढलेले कडे आणि टप्पे त्याने बारकाईने नोंदवले. अशा खडकाला युरोपात 'ट्रॅप' म्हणत. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ जिना, पायऱ्या. एकाच वर्षी एक जण मॉरिशसचा दगड पाहत होता आणि दुसऱ्याने दख्खनच्या दगडावर लिहिलेलं छापलं जात होतं. दोन्ही दगडांचं घराणं एक असेल, अशी शंकाही कुणाला येण्याचं कारण नव्हतं.

डार्विनच्या मॉरिशसच्या रोजनिशीतली सर्वांत मोलाची जागा मात्र खडकांविषयीची नाही. पोर्ट लुईत त्याला भारतातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी दिसले. तेव्हा बेटावर असे सुमारे आठशे कैदी होते आणि त्यांना सार्वजनिक कामांवर लावलं होतं. भारतातली माणसं इतकी भारदस्त दिसत असतील याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं तो लिहितो. त्यांच्या पांढऱ्या दाढ्या, स्वच्छता, धर्माचार पाळण्यातली निष्ठा हे सगळं त्याने टिपलं. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या कैद्यांच्या पंगतीला त्यांना बसवता येत नाही, असंही नोंदवलं. बेटाच्या भरभराटीचं एक मोठं कारण म्हणून त्याने तिथल्या उत्तम रस्त्यांचं कौतुक केलं आहे. रस्ते आणि कैदी यांचे उल्लेख मात्र वेगवेगळ्या ठिकाणी येतात. ते एकत्र वाचले पाहिजेत.

१८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला नेले गेले. त्यांनी रस्ते बांधले, पूल बांधले. रस्ता म्हणजे खडी आणि खडी म्हणजे फोडलेला बेसाल्ट. भूशास्त्राच्या इतिहासात बायीचं नाव आहे, डार्विनचं आहे, साइक्सचंही आहे. मुंबई इलाख्यातून जाऊन त्या बेटाचा खडक घणाखाली फोडणाऱ्या माणसाला त्यात एक ओळही नाही. तो दगड कुठे चिरतो, कुठे दाद देत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?

कैद्यांमागून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, आले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं मॉरिशसला उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान होता. त्यांत कोकणातली माणसं बरीच. त्यांचे वंशज आज कास्काव्हेलसारख्या गावांत आहेत. कास्काव्हेलचा रिव्हिएर न्वार जिल्हा म्हणजे डार्विनची हत्तीवरची वाट जिकडे गेली तोच भाग. तिथे दगड उलटला की खाली सोनं मिळतं, असं सांगून मजुरांना फसवलं गेलं, ही कथा मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दगड मात्र त्यांनी खरोखरच उलटले. तिथले वरचे लाव्हाचे थर भूशास्त्राच्या हिशेबात कोवळे, पुरते कुजलेले नाहीत. त्यामुळे शेतं धोंड्यांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी धोंडे वेचायचे. त्यांचे रचलेले काळे ढीग आजही उसाच्या फडांत उभे दिसतात.

सोलापूरकडे त्याच जातीच्या खडकाला कुजायला कोट्यवधी वर्षं मिळाली. त्याची काळी माती झाली. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणारी. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ज्वारी याच ओलीवर रब्बीत उभी राहते.

दोन्ही दगडांचं नातं जुळलं ते १९८७ मध्ये. रॉबर्ट डंकन आणि सहकाऱ्यांच्या मोहिमेने हिंदी महासागराच्या तळाशी भोकं पाडून खडक वर काढला. मालदीवजवळचा खडक सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, छागोसजवळचा ४ कोटी ९० लाखांचा, त्याच्याही दक्षिणेला नाझारेथ बँकेजवळचा ३ कोटी ३० लाखांच्या आसपासचा. मॉरिशसचे सर्वांत जुने थर ९० लाख वर्षांच्या आतले आणि शेजारचं रियुनियन बेट जेमतेम २० लाखांचं. तिथला पितों द ला फूर्नेज हा ज्वालामुखी अजून धगधगतो. २००७ च्या उद्रेकात त्याच्या माथ्यावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला. दख्खनपासून रियुनियनपर्यंत वय उतरत्या क्रमाने कमी होत जातं. हाही एक जिनाच.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी २००५ मध्ये स्पष्टच मांडलं की दख्खन ते रियुनियन या वाटेवर खोलातून उसळणाऱ्या भट्टीचा मागमूस नाही. भूखंड फाटताना पडलेल्या भेगांतूनच हे सगळं समजावता येतं, असा त्यांचा युक्तिवाद. सह्याद्रीत हिंडून, दगड तपासून केलेला आक्षेप असा झटकून टाकता येत नाही. तरीही समुद्रतळाच्या वयांची ती उतरण इतकी रेखीव आहे की निव्वळ भेगांच्या भरवशावर ती सोडून देणं अवघड जातं.

वाद सुरू असतानाच २०१७ मध्ये आणखी एक पान उलटलं. लुईस ॲशवाल आणि सहकाऱ्यांना मॉरिशसच्या खडकात झिरकॉनचे स्फटिक सापडले. खडक ५७ लाख वर्षांचा आणि स्फटिक अडीचशे ते तीनशे कोटी वर्षांचे! वर येताना लाव्हाने खाली गाडलेल्या प्राचीन भूखंडाचे कण सोबत आणले होते. भारत आणि मादागास्कर एकत्र होते तेव्हाचा हा तुकडा.

इकडे लाव्हाखाली काय आहे, हे पाहण्याची वेळ फार वाईट कारणाने आली. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूर जागं झालं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडलं. ३३८ मीटरपर्यंत लाव्हा, मग आठ मीटर जुना गाळ आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. किल्लारीच्या शेतकऱ्यांच्या पायाखाली आणि कास्काव्हेलच्या मराठी माणसांच्या पायाखाली बेसाल्ट, आणि त्याच्याही तळाशी त्या एकसंध भूमीचे अवशेष.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे. १८४९ पासून गिरमिटिये इथे उतरवले जात. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा मान दिला. मराठीत घाट म्हणजे डोंगर उतरायची वाट आणि पाण्याकाठच्या पायऱ्याही. कोकणातून आलेला माणूस होडीतून उतरून या घाटाच्या पायऱ्या चढला, तेव्हा त्याच्या अनवाणी पावलांखाली काळा बेसाल्टच होता.