शाडूची मूर्ती विरघळत नाही!

मागच्या एपिसोडमध्ये मी एकदम कॉन्फिडन्सने बोलून गेलो होतो, "शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, पीओपीची विरघळत नाही." दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. बीटेकची डिग्री भिंतीवर लटकतेय आणि शाळेतलं विज्ञान चुकतंय! त्यामुळे आजचा एपिसोड म्हणजे बगफिक्स समजा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आधी सांगतो की हा विषय मला का चावतो. मी पनवेलचा. लहानपणी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडाळे तलावाच्या काठाने शाळेत जायचो. एका वर्षी पाण्यात एक अख्खा हात दिसला, मोदकासकट. घरी येऊन आजीला विचारलं, "आजी, बाप्पा गावाला गेले ना? मग हात इथे कसा?" ती म्हणाली, "अरे, जातील हळूहळू." हळूहळू म्हणजे किती, ते पुढे कित्येक वर्षं मला कळलं नाही.

आता शाडू. मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं, ते झालं विरघळणं. शाडू म्हणजे चिकणमातीचे अतिबारीक कण. मूर्ती वाळते तेव्हा कणांमधलं पाणी उडून जातं. पुन्हा पाण्यात ठेवली की पाणी आत शिरतं, कण सुटे होतात आणि तळाशी गाळ बसतो. नवा पदार्थ तयारच होत नाही. शुद्ध भौतिक बदल. म्हणून तोच गाळ वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा मूर्ती करता येते. तीच माती भट्टीत भाजली की गोष्ट वेगळी. फुटलेला माठ पाण्यात भिजत घातला तर त्याचा चिखल होत नाही, कारण भट्टीत रासायनिक बदल झालेला असतो.

पीओपीची स्टोरी जिप्सम नावाच्या खनिजापासून सुरू होते. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ज्याच्या स्फटिकातच पाणी अडकलेलं असतं. शाळेत आपण त्याला स्फटिकजल म्हणायचो. साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं. उरते ती पांढरी पावडर म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. आपल्या शेजारच्या पेणला, हमरापूर-जोह्यात, कारागीर ती पाण्यात कालवून साच्यात ओततात. पावडर हरवलेलं पाणी परत घेते, पुन्हा जिप्सम होते आणि काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. सातवीत माझा हात मोडला होता, तेव्हा प्लास्टर घालताना हात चांगलाच गरम झाला होता. मला वाटलं डॉक्टरांनी गरम पाणी वापरलं!

म्हणजे तलावात दिसला तो हात जिप्समचा होता. आणि जिप्सम विरघळतं बरं का! पण लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. तीन किलोची मूर्ती धरा. तिला बाराशे लिटरच्या आसपास पाणी लागेल, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी पण पुरणार नाही. तलावात पाणी भरपूर असतं, पण विरघळण्याचं काम फक्त पृष्ठभागावरून चालतं, तेही अगदी सावकाश.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सूचनांमध्ये पीओपी मूर्तींवर बंदी आली. त्यानंतर कोर्टकज्जे झाले, ते अजून आठवत असतील. मला दोन्ही बाजू कळतात. पीओपी स्वस्त, हलकी, झटपट होणारी. पेणकडच्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. पण ती मूर्ती घरी आली की पुढे काय?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, यावर एक भारी उपाय काढला: अमोनियम बायकार्बोनेट. पुणे महापालिकेने ते लोकांना मोफत वाटलंही. यात जोड्यांची अदलाबदल होते, दहावीतली दुहेरी विस्थापन अभिक्रिया. कॅल्शियम सल्फेटचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि अमोनियम सल्फेट तयार होतं. सोबत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे.

जिप्सम एवढं कमी विरघळतं, तर मग अभिक्रिया पुढे जाते कशी? माझ्या भाषेत सांगतो. साध्या पाण्यात बफर लगेच फुल होतो, त्यामुळे पुढचं जिप्सम अडकून पडतं. इथे मात्र कॅल्शियम पाण्यात उतरला रे उतरला की कार्बोनेट त्याला पकडून खाली बसवतं, कारण कॅल्शियम कार्बोनेट जिप्समपेक्षा कितीतरी कमी विरघळतो. बफर सतत रिकामा होत राहतो, म्हणून आणखी जिप्सम विरघळतं. फक्त तो पांढरा साका मूर्तीवरच चिकटून बसतो, म्हणून अधूनमधून ढवळत राहावं लागतं.

पहिल्या वर्षी मी हे वाचलं आणि घाईघाईत खायच्या सोड्याचं शंभर ग्रॅमचं पाकीट तीन किलोच्या मूर्तीवर ओतलं. काहीही झालं नाही. एक तर तो सोडियम बायकार्बोनेट, बेकरीवाला वेगळा. आणि प्रमाण? कागदावर हिशेब मांडला तर एक किलो जिप्समला सुमारे ९२० ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागतं. म्हणजे जवळपास वजनास वजन.

दुसऱ्या वर्षी बेकरी सामानाच्या दुकानातून तीन किलो आणलं आणि बाथरूममध्ये बादली मांडली. अर्ध्या तासात अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी! ड्रम उचलून गच्चीवर नेला. तुम्ही करणार असाल तर पहिल्यापासूनच उघड्यावर करा. छोटी मूर्ती दोन दिवसांत विरते म्हणतात, आमची बैठक जाड असल्याने तीन लागले. तळाशी पांढरा लगदा, वर काथ्या आणि रंगाचे पापुद्रे. रंगावर या रसायनाचा काही परिणाम होत नाही, ते पापुद्रे गाळून वेगळे कचऱ्यात द्यावे लागले.

अमोनियम सल्फेट म्हणजे शेतात टाकतात तेच नत्राचं खत. हे मी आजीला मोठ्या कौतुकाने सांगितलं आणि ऑफिसच्या कॉलला बसलो. ड्रममध्ये चाळीस लिटर पाण्यात सव्वादोन किलोच्या आसपास खत होतं, हे सांगायचं राहिलं. तिने चांगले दोन मग तुळशीला घातले. चार दिवसांत तुळस करपली. एवढं कडक खत मुळांतलं पाणीच बाहेर ओढतं.

आजी म्हणाली, "बाप्पाचंच पाणी ना रे ते?" मला उत्तर सुचलं नाही. आता एका मगाला वीस मग साधं पाणी घालतो, आणि जास्वंदीला देतो. तुळशीच्या जवळ ती मला ड्रम नेऊच देत नाही.