समांतर विश्वे : जोड की ठिगळ?

व्हिडिओ गेमची मालिका लांबत गेली, की कथानकात विसंगती शिरतात आणि मग लेखक समांतर विश्वाचा आधार घेतात. निन्टेंडो कंपनीची 'द लिजंड ऑफ झेल्डा' ही मालिका याचे ठळक उदाहरण होय. १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये नायक लिंक सात वर्षे भविष्यात जाऊन दुष्ट गॅननचा पराभव करतो व पुन्हा बालपणात परततो. येथे काळाचे दोन प्रवाह होतात, हे पटते. मात्र २०११ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हायरूल हिस्टोरिया' या अधिकृत ग्रंथाने तिसराही प्रवाह सांगितला : लिंक हरला तर! वास्तविक खेळात लिंक हरला की डाव पुन्हा खेळायचा असतो. कथा पुढे जात नाही. आधी निघालेल्या खेळांची सोय लावण्यासाठी जोडलेले हे ठिगळच म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. दिवंगत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर अशा विश्वात पोहोचतात, जेथे मराठे पानिपत जिंकले आहेत. फरक एका गोळीचा. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा बळी घेणारी गोळी तेथे त्यांना चाटून जाते. आपल्या नरखेड तालुक्यात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तेव्हा जोड कोठे आहे ते स्पष्ट दिसते. नारळीकरांच्या कथेतही ती दिसते. शिवाय गंगाधरपंतांना अखेर आपल्याच जगात परतावे लागते, आणि येथे विश्वासराव वाचलेले नाहीत.