पुस्तकात एक, पडद्यावर भलतंच!

‘पुस्तकच भारी होतं बुवा!’ कादंबरीवरचा सिनेमा पाहून बाहेर पडताना हे वाक्य हमखास कानावर येतं. पण पानावरची गोष्ट पडद्यावर येताना नेमकं काय बदलतं, हे शोधायला लागलात की खरी मजा येते. हे बघा काही नमुने!

मास्तर एक, शेवट तीन
‘पिंजरा’ (१९७२) अस्सल मराठी मातीतला, पण त्याचं मूळ जर्मनीत आहे. हाइनरिश मान यांच्या ‘प्रोफेसर उनराट’ (१९०५) या कादंबरीवरून ‘द ब्लू एंजल’ (१९३०) निघाला आणि त्यावरून व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’. कादंबरीतला मास्तर जुगाराचा अड्डा चालवतो आणि शेवटी पकडला जातो. जर्मन सिनेमातला मास्तर आपल्या जुन्या वर्गात परततो आणि टेबल घट्ट धरून तिथेच प्राण सोडतो. आपल्या गुरुजींवर तर स्वतःच्याच खुनाचा आळ येतो! ते मेले असं समजून गाव त्यांना देव मानत असतं. तो देव मोडू नये म्हणून डॉ. लागूंचे गुरुजी गप्प राहून फाशी पत्करतात. तिन्ही शेवटांत हा सगळ्यात जिव्हारी लागणारा.

तुरुंगातून सुवर्णपदकाकडे
‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. पुस्तकात मोठा झालेला श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री! म्हणजे पुस्तकातली आई आठवणींतून भेटते, तर आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटात ती वनमालाबाईंच्या रूपानं साक्षात समोर उभी राहते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा हा देशातला पहिला चित्रपट.

दोन कादंबऱ्या, एक ‘सिंहासन’
जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’साठी (१९७९) अरुण साधूंची एक नव्हे, दोन पुस्तकं लागली: ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’. दोन्हींतला माणसांचा गोतावळा एकाच पटकथेत बसवण्याचं अवघड काम केलं विजय तेंडुलकरांनी. आणि शेवट? सत्तेचा सगळा खेळ जवळून पाहिलेला पत्रकार दिगू टिपणीस भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचं ते हसू आजही अंगावर येतं.

‘शाळा’ भरली तीनदा
मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर सुजय डहाके यांचा मराठी चित्रपट यायच्या आधीच ‘गमभन’ हे नाटक आणि ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट येऊन गेले होते. कादंबरी सगळीच्या सगळी नववीतल्या मुकुंद जोशीच्या तोंडून येते. त्याच्या मनातली अखंड बडबड दोन तासांत मावणं अशक्यच. तरी चित्रपटानं सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट आणि रूपांतरित पटकथा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार पटकावले!

गुणाला मिळाला न्याय
आनंद यादवांची ‘नटरंग’ ही कादंबरी शोकांतिका आहे. पैलवानी अंगाचा गुणा तमाशापायी ‘नाच्या’ होतो आणि त्याचं घरदार, इज्जत सगळं पणाला लागतं. २०१० मध्ये रवी जाधवांनी पहिल्याच चित्रपटात हा शेवट बदलला. त्यांचा गुणा म्हातारपणी व्यासपीठावर सन्मान स्वीकारतो. या भूमिकेसाठी अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि नंतर ते उतरवलंही.

तेव्हा ‘पुस्तक भारी की सिनेमा?’ हा वाद हवा तितका रंगू द्या. पण मूळ पुस्तकाबरहुकूम चालला म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. पुस्तकाचा जीव ओळखला तरच ठरतो. यातला एखादा सिनेमा तुम्ही पाहिला असेल आणि पुस्तक राहून गेलं असेल, तर या महिन्यात ते वाचाच!