कलावंत कोण, हे कुणी ठरवायचं?

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की मैदान संपून घाट सुरू होतो, त्या पायथ्याशी पातूर आहे. डोंगरावर रेणुकामाता, टेकडीच्या कातळात कोरलेली जुनी लेणी आणि गावात शेख बाबूंचा दर्गा. या दर्ग्यामुळेच जुन्या कागदांत गावाचं नाव ‘पातूर शेख बाबू’ असं सापडतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनं इथल्या दोन गर्दीच्या काळांची नोंद केली आहे. एक माघाच्या सुमारास महिनाभर चालणारी हिंदूंची जत्रा आणि दुसरा दर्ग्यावरचा उरूस. जत्रा आली की भजन, कीर्तन, गोंधळ, कव्वाली, सोंगं हे ओघानंच आलं. त्याचा खर्च वर्गणीतून निघे, नवसातून निघे, नाहीतर एखाद्या पाटलाच्या खिशातून.

राजसत्तेनं कलेला पैसा देणं मात्र या मुलखाला नवं नाही. घाट चढून पुढे गेलं की वाशीम, म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. तिथल्या शिलालेखात देणाऱ्याचं नाव आहे, छिन्नी चालवणाऱ्यांची नाहीत. आज नेमकं उलट आहे. देणारा ठरलेला आहे, महाराष्ट्र शासन. सगळी यंत्रणा राबते ती घेणारा कोण, हे ठरवण्यासाठी. सांस्कृतिक कार्य संचालनालय, जिल्ह्याची निवड समिती, पंचायत समिती आणि तहसील कचेरी अशी ही साखळी पातूरसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत येते. तिचं खरं काम पैसे वाटण्याचं नाही, कलावंत कोण ते ठरवण्याचं आहे. पैसा त्यानंतरची गोष्ट.

साखळीतली सगळ्यात जुनी आणि खेड्यात सगळ्यात माहीत असलेली योजना म्हणजे वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन. ती १९५४-५५ साली सुरू झाली, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं; १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं. कित्येक वर्षं या योजनेत कलावंतांच्या तीन श्रेणी होत्या. राष्ट्रीय पातळीवरचा ‘अ’, राज्य पातळीवरचा ‘ब’ आणि स्थानिक तो ‘क’. शेवटी शेवटी त्यांना महिन्याला अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. आलेगाव, चान्नी, सस्ती, विवरा अशा गावांत आयुष्यभर मृदंग वाजवलेला माणूस अर्थातच ‘क’मध्ये बसे. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि श्रेण्या मोडून सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये झाले. या बदलाचा सगळ्यात मोठा फायदा गावच्या माणसाला झाला. त्याची रक्कम दुपटीहून अधिक झाली आणि कपाळावरचा ‘क’ पुसला गेला.

अटी थोडक्यात अशा. वय किमान ५०, दिव्यांगांना ४०. कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांची कामगिरी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. सरकारची दुसरी कुठली नियमित मासिक पेन्शन नसावी. हिशेब मांडला तर एक गोष्ट लक्षात येते. मानधनाची वर्षाची रक्कम ६०,००० रुपये होते आणि उत्पन्नाची मर्यादाही तेवढीच आहे. ज्याच्या घरात वर्षाला साठ हजारांहून कमी येतात, त्याच्या घरात सरकार साठ हजार टाकतं. एखादं घर उभं राहायला ही रक्कम पुरते, म्हणून यादीत नाव येणं आणि न येणं यातलं अंतरही तेवढंच मोठं आहे.

आणि यादी लांब नाही. एका जिल्ह्यातून वर्षाला जास्तीत जास्त १०० जणांची निवड होते. अकोला जिल्ह्यात सात तालुके आहेत, म्हणजे सरासरीनं पातूरच्या वाट्याला चौदा-पंधरा. भजनी, कीर्तनकार, गोंधळी, शाहीर, कव्वाल, नाटकवाले, कवी, सगळे त्यातच.

आता अर्जाला काय जोडायचं? उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो, वयाचा पुरावा मिळतो, आधार बँकेला जोडलं की तेही काम होतं. अडतं ते पंधरा वर्षांच्या पुराव्यावर. कार्यक्रमांच्या पत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं, फोटो, आकाशवाणीचं पत्र, एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र अशी कागदपत्रं लागतात. नाटकवाल्याचं त्या मानानं बरं असतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून आहे, तिथे भाग घेतला की नाव छापलं जातं, प्रमाणपत्र मिळतं. ज्याच्या कलेत तिकीट, हस्तपत्रक आणि रंगमंच आहे, त्याच्या मागे कागद आपोआप साठत जातो. पारावर, देवळात, मयताच्या घरी तेराव्याच्या आधी जे गायलं जातं, त्याचा कागद कुठला? भजनाच्या आमंत्रणाला पत्रिका नसते, निरोप असतो. मोबदला म्हणजे चहा, नारळ, फार तर टोपी-उपरणं. ‘भजन तं रातभर गातो, पन कागद कुठून आनू?’ ही तक्रार वऱ्हाडातल्या कुठल्याही पंचायत समितीच्या ओट्यावर ऐकू येईल अशी आहे.

वऱ्हाडात ही अडचण जास्त बोचते, कारण इथल्या सगळ्यात मोठ्या कलेला रंगमंच कधी लागलाच नाही. तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन भजन गावोगाव नेलं आणि मोझरीला गुरुकुंज उभारलं. आजही वऱ्हाडातल्या बहुतेक खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाची भजनाची बैठक असते. गाडगेबाबांचं कीर्तन तर समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तरं काढून घेत चालायचं. त्याला ना संहिता होती, ना ठरलेली जागा. त्या परंपरेतल्या माणसानं आज अर्ज भरला तर ‘सादरीकरणाचा पुरावा’ या रकान्यात गावाचं नाव लिहिण्यापलीकडे त्याच्याकडे फारसं काही नसेल.

बायांचं तर आणखी अवघड. जात्यावरच्या ओव्या, हळदीची आणि लग्नाची गाणी, घाटाच्या अंगानं वसलेल्या बंजारा तांड्यांवर होळीला गायली जाणारी लेंगी, या सगळ्यांत पंधरा वर्षं काय, पन्नास वर्षं गायलेल्या बाया आहेत. त्या कुठल्याही फलकावर नाहीत. त्यांना कुणी कलावंत म्हटलेलं नाही आणि त्यांनी स्वतःही ते म्हटलेलं नाही. अर्ज करायला आधी आपण कलावंत आहोत असं वाटावं लागतं. योजनेच्या कुठल्याच अटीत ही अट लिहिलेली नाही, पण पहिली तीच आहे.

२०२५ मध्ये गणेशोत्सव राज्य महोत्सव जाहीर झाला, तेव्हा शासनानं दुसरा रस्ता धरला. राज्यातल्या १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपयांचं भांडवली अनुदान, एकूण साडेचार कोटी. पेटी, मृदंग, पखवाज, वीणा, टाळ असं साहित्य त्यातून घ्यायचं. यात एकट्या माणसाऐवजी मंडळाला ओळख मिळाली, ही चांगली बाजू. भजन हे मुळात मंडळाचंच असतं. टाळकऱ्यांशिवाय बुवा काय गाणार? पण १,८०० ला ३६ जिल्ह्यांनी भागलं तर एका जिल्ह्याला सरासरी पन्नास आणि अकोल्याच्या एका तालुक्याला सात. अर्ज ऑनलाइन, मुदत थोड्या दिवसांची. ज्या मंडळात मोबाइल हाताळणारा पोरगा आहे ते पुढे, ज्यात सगळे सत्तरीचे आहेत ते मागे. गाण्याचा दर्जा यात कुठेच येत नाही.

गावातल्या कलेसाठी सरकारी पैसा आणखी एका वाटेनं येतो, आणि तो सगळ्यांना दिसतो. तो म्हणजे सभामंडप. आमदार निधीतून, नगर परिषदेच्या विशेष अनुदानांतून देवळापुढे, समाजमंदिरापुढे पत्र्याचे नाहीतर सिमेंटचे मंडप उभे राहतात. त्यांना अंदाजपत्रक आहे, मोजमाप आहे, कोनशिला आहे, हिशेब तपासता येतो. इंजिनिअर येऊन स्लॅब मोजतो. स्लॅबखाली कोण गातं, किती वेळा गातं, नवीन पोरं शिकतात का, हे मोजायला कुणी येत नाही. सरकारी पैशाला जे मोजता येतं ते आवडतं, त्यामुळे मंडप वाढत जातात आणि आतली बैठक जिथल्या तिथे राहते.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कागद नसण्याची किंमत करोनाच्या काळात दिसली. जत्रा बंद, लग्नं बंद, कीर्तन बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ५६,००० एकल कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये द्यायचा निर्णय घेतला. २८ कोटी रुपयांची ही मदत होती. पण त्या ५६,००० जणांची यादी तयार कुठे होती? जाहिरात काढून, जिल्ह्याजिल्ह्यातून अर्ज मागवून ती बनवावी लागली. तहसीलमध्ये सातबारा आहे, रेशन दुकानात शिधापत्रिकांची यादी आहे; गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नोंदवही मात्र कुठेच नाही.

हा पेच एकट्या महाराष्ट्राचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली ब्रिटननं अर्थतज्ज्ञ केन्सच्या पुढाकारातून कला परिषद काढली, तेव्हा तत्त्व ठरलं की पैसा सरकारचा असेल, पण कुणाला द्यायचा हे मंत्री ठरवणार नाहीत, हाताभर लांब असलेली परिषद ठरवेल. अमेरिकेत १९६५ साली केंद्राचा कलानिधी सुरू झाला. तिथे अर्ज तज्ज्ञांच्या गटापुढे जातात, आणि पुढे कायद्यानंच या गटांत कलावंत नसलेल्या, पण कलेची जाण असलेल्या सामान्य माणसालाही जागा दिली. तिथेही तक्रारी आहेत, कंपूशाहीचे आरोप आहेत. पण अर्जातला नमुना कुणीतरी पाहतं-ऐकतं आणि मग निवड होते, एवढं तिथे गृहीत आहे. आपल्याकडे मानधनाच्या निवडीत प्रत्यक्ष ऐकण्याला फार थोडी जागा आहे. फाइल पूर्ण आहे की नाही, हा पहिला प्रश्न असतो आणि कित्येकदा शेवटचाही तोच.

म्हणून मोठी तरतूद मागण्याआधी दोन साध्या गोष्टी मागाव्यात. पहिली, ग्रामपंचायतीत आणि नगर परिषदेच्या प्रभागात लोककलावंतांची नोंदवही. ग्रामसभेत नाव वाचावं, आक्षेप ऐकावा आणि नोंद करावी. पंधरा वर्षं कोण गातं हे गावाला पाठ असतं; ग्रामसभेचा ठराव हा कात्रणापेक्षा खरा पुरावा आहे. दुसरी, तालुक्याला वर्षातून एकदा समितीनं येऊन ऐकावं. पातूरच्या जत्रेत, उरुसात, गणपतीत भजनी, गोंधळी, कव्वाल सगळे एकाच गावात भेटतात. जाणकार दोन, गावचे रसिक दोन आणि समाजकल्याणचा एक अधिकारी बसले, तर दोन संध्याकाळींत तालुक्याची यादी कान वापरून तयार होईल. खर्च म्हणाल तर एका सभामंडपाच्या पायाइतकाही नाही.

मानधन पाचाचं सात हजार झालं तर कुणाला नको आहे? पण आज ज्यांची नावं यादीबाहेर आहेत, त्यांच्यासाठी रकमेतली वाढ शून्यच राहते. ती नावं गावाच्या तोंडी आहेत. ती लिहून घेण्याचं काम आधी व्हायला हवं.